एका मताचं टेरबोन, सव्वीस मतांचं इटोबिको

फेब्रुवारी २०२६ मधल्या त्या शनिवारपासून हा लेख लिहीन लिहीन म्हणतोय. हापिसातली कामं, एक नको त्या वेळी आलेला रिलीज आणि आळस (खरं कारण हेच) यांत राहून गेला. आज विकांत मोकळा मिळालाय, चहाचा मोठा मग शेजारी आहे, तेव्हा होऊन जाऊ दे.

त्या शनिवारी सकाळी घरमालक काकांबरोबर अंगणातला बर्फ उपसत होतो. काका मूळचे सांगलीचे, इथं येऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या घराच्या तळघरात मी भाड्यानं राहतो. फावडं थांबवून ते म्हणाले, "अरे, वाचलंस का? सुप्रीम कोर्टानं टेरबोनची निवडणूक रद्द केली. आमच्या इटोबिकोची नव्हती केली!" आवाज असा, जणू शेजाऱ्याच्या पोराला ॲडमिशन मिळाली आणि आपल्या पोराची हुकली. मला आधी दोन्हीतलं काही कळलं नाही. मग त्या दिवशी जेवणापर्यंत आमचा वाद चालला, आणि त्यानंतर मी तीन-चार विकांत दोन्ही खटल्यांबद्दल वाचत बसलो.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. कॅनडात लोकसभेच्या मतदारसंघाला 'रायडिंग' म्हणतात. याचा घोड्यावर बसण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्लंडात यॉर्कशरचे तीन भाग होते, त्या 'तिसऱ्या भागा'च्या नावावरून तो शब्द आला. अशा ३४३ रायडिंग आहेत. आणि 'इटोबिको'चं स्पेलिंग शेवटी 'के' घालून करतात, उच्चारात तो 'के' गायब. मी पहिले तीन महिने 'इटोबिकोक' म्हणत होतो आणि कोणी सुधारलंही नाही, इतके हे लोक सभ्य.

तर टेरबोन. मॉन्ट्रियलच्या उत्तरेचं उपनगर. २८ एप्रिल २०२५ ला देशभर निवडणूक झाली. त्या रात्री टेरबोनमध्ये लिबरल पक्षाच्या तातियाना ओगुस्त ३५ मतांनी पुढे होत्या. मग काही दिवसांनी आकड्यांची अधिकृत पडताळणी झाली (रात्रीच्या घाईत टाइप केलेले आकडे मूळ कागदांशी ताडून बघतात), तर ब्लॉक केबेक्वा पक्षाच्या विद्यमान खासदार नाताली सिंक्लेअर-देगान्ये ४४ मतांनी पुढे निघाल्या. फरक वैध मतांच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असेल तर इथं न्यायाधीशासमोर फेरमोजणी आपोआपच होते, कोणी अर्ज करावा लागत नाही. ती झाली. निकाल: ओगुस्त २३,३५२. सिंक्लेअर-देगान्ये २३,३५१.

एक मत! आपल्याकडं १९९९ साली वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं हरले. हे किस्से आपण वर्गात 'एका मताचं महत्त्व' म्हणून ऐकलेले. पण पुढं टेरबोनमध्ये जे झालं त्याला तोड नाही. एका मतदार बाईंनी जाहीर सांगितलं की मी पोस्टानं मत पाठवलं होतं, ब्लॉकला दिलं होतं, आणि ते पाकीट माझ्याच घरी परत आलंय. का? तर परतीच्या पाकिटावर निवडणूक कार्यालयाचा जो पत्ता छापला होता, त्यातला पिनकोड चुकीचा होता. आणि तो छापला होता कार्यालयानंच. बाईंची चूक शून्य. कार्यालयानंही चूक मान्य केली.

आता इथं थांबून एक साधी बेरीज करा. मला ती करायला लाज वाटावी इतका वेळ लागला. ते एक मत पोहोचलं असतं तर ब्लॉक जिंकलं असतं का? नाही. २३,३५२ आणि २३,३५२. बरोबरी! आणि बरोबरी झाली तर कॅनडाचा कायदा काय म्हणतो? पुन्हा निवडणूक घ्या. आपल्यासारखी चिठ्ठी काढत नाहीत. (२०१७ मध्ये मुंबई महापालिकेत भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी झाली होती, चिठ्ठी काढून शहा जिंकले, आठवतंय ना?) म्हणजे ते पाकीट वेळेत पोहोचलं असतं तर जे झालं असतं, तेच शेवटी कोर्टानं केलं. जागा रिकामी, पुन्हा मतदान. कोर्टानं कोणाचा विजय हिसकावून कोणाला दिला नाही. पुन्हा घेतलेल्या मतदानात कोण जिंकतं याच्याशी मला कर्तव्य नाही. मी ना लिबरल, ना ब्लॉक, आणि मला मतही नाही. त्याबद्दल पुढं.

पण क्यूबेकच्या उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये उलटा निकाल दिला होता. त्यांचं म्हणणं, ही मानवी चूक आहे, कायद्याला अभिप्रेत असलेली 'अनियमितता' नाही. कॅनडाच्या निवडणूक कायद्यात कलमच असं आहे की निकालावर परिणाम करणारी अनियमितता, फसवणूक किंवा भ्रष्ट वा बेकायदा कृत्य दाखवता आलं तर निवडणूक रद्द करता येते. मग अनियमितता म्हणजे नक्की काय? नेमका हाच प्रश्न चौदा वर्षांपूर्वी काकांच्या इटोबिकोमध्ये आला होता. आणि माझा खरा लेख इथून सुरू होतो.

२ मे २०११. इटोबिको सेंटर, टोरांटोचा पश्चिम भाग. लिबरल पक्षाचे बोरिस व्झेस्नेव्स्की (हे नाव टाइप करताना माझा कीबोर्ड दोनदा रुसला) २००४ पासून खासदार. समोर काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे टेड ओपिट्झ. ५२ हजारांहून जास्त मतं पडली. फेरमोजणीनंतर ओपिट्झ २६ मतांनी जिंकले. व्झेस्नेव्स्की कोर्टात गेले. त्यांनी कोणावरही फसवणुकीचा आरोप केला नाही, हे लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं एवढंच की मतदान केंद्रांवरची कागदपत्रं धड नाहीत.

कसली कागदपत्रं? कॅनडात तुमचं नाव यादीत नसलं तरी तुम्ही मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नोंदणी करू शकता. ओळखपत्र दाखवायचं, एक नोंदणीपत्र भरायचं, सही करायची, मत द्यायचं. ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच भागातला दुसरा मतदार शपथेवर सांगू शकतो की हो, मी यांना ओळखतो, हे इथंच राहतात. आता हे सगळं करतात कोण? एका दिवसासाठी नेमलेले लोक. विद्यार्थी, निवृत्त माणसं, आमच्या काकांसारखे हौशी. काका २०११ मध्ये शेजारच्या मिसिसॉगात एका केंद्रावर होते. ते सांगतात, "काही तासांचं ट्रेनिंग, एक जाडजूड वही, आणि बारा तास मतदान. ते संपलं की डबा तिथंच उघडायचा आणि हातानं मोजायचं. संध्याकाळी रांग लागली की कोण बघतंय कुठल्या रकान्यात टिक करायची राहिली."

तर इटोबिकोमधल्या दहा केंद्रांचे कागद कोर्टात तपासले. काही ठिकाणी नोंदणीपत्रंच सापडेनात, काही अर्धवट, कुठं ओळख पटवणाऱ्याची नोंद नीट नाही. ओंटॅरिओचे न्यायमूर्ती थॉमस लेडरर यांनी मे २०१२ मध्ये ७९ मतं बाद ठरवली. ७९ हे २६ पेक्षा जास्त, म्हणून निवडणूक रद्द.

आता हा ७९ विरुद्ध २६ चा हिशोब कसा, ते बघण्यासारखं आहे. ती ७९ मतं ओपिट्झना पडली होती असं कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. करता येणारच नाही, मतदान गुप्त असतं. त्या ७९ पैकी ४० व्झेस्नेव्स्कींना पडली असतील तर? ते कोणालाच कळू शकत नाही. म्हणून कोर्ट सरळ धरून चालतं की बाद मतांची संख्या विजयी फरकाएवढी किंवा त्याहून जास्त असेल तर निकालाचा भरवसा संपला. याला तिथले वकील 'जादूचा आकडा' म्हणतात. पद्धत ढोबळ आहे आणि हरलेल्याच्या बाजूनं झुकलेली आहे. पण दुसरी सोपी पद्धत मला तरी सुचली नाही. (सांख्यिकीवाले मित्र लगेच म्हणतील, संभाव्यता काढा की. काढा. मग 'तुमच्या खासदाराची निवड ९१ टक्के खरी आहे' असं लोकांना सांगा बघू.)

सर्वोच्च न्यायालयानं २५ ऑक्टोबर २०१२ ला हा निकाल फिरवला. चार विरुद्ध तीन, अगदी काठावर. न्यायमूर्ती रॉथस्टीन आणि मोल्डेव्हर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. सार असं की कागद सापडला नाही म्हणून त्या माणसाचा मताचा हक्क गेला असं म्हणता येत नाही. तो माणूस मत द्यायला पात्र नव्हता हे दाखवा, मग बघू. ७९ पैकी निदान ५९ मतं त्यांनी परत वैध धरली. उरली २०. वीस हे सव्वीसपेक्षा कमी. ओपिट्झ खासदार राहिले. मुख्य न्यायमूर्ती मॅक्लॅकलिन यांच्यासह तिघांचं मत उलट होतं. वय, नागरिकत्व, वास्तव्य एवढंच पुरेसं नाही. नोंदणी आणि ओळख या पायऱ्या म्हणजे नुसती कागदी औपचारिकता नाही, त्या पायऱ्या चढल्यावरच मत देण्याचा हक्क वापरता येतो. पायरी चढल्याचा पुरावा नाही, तर मत बाद.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ त्या तिघांच्या बाजूनं होतो. धंदाच तसा आहे ना! मी पेमेंटच्या सिस्टिमवर काम करतो. आमच्याकडं ज्याचा लॉग नाही ते घडलंच नाही. ऑडिटला आलेला माणूस 'साहेब, व्यवहार झालाय, पण नोंद सापडत नाही' हे ऐकून घेत नाही. काकांना मी हेच म्हणालो. काका चिडले. "तुझ्या मशीनला कागद हरवला तर दुसरा छापता येतो. तो माणूस मत देऊन घरी गेला, आता त्याला काय परत बोलावणार? माझ्या हातून टिक राहिली तर मत त्याचं का जावं?"

मग मला दोन वर्षांपूर्वीची आमचीच एक रात्र आठवली. एका शुक्रवारी (आणखी कुठला वार असणार) रिलीज केला आणि शनिवारी पहाटे कळलं की काहीशे व्यवहारांच्या नोंदी ऑडिटच्या टेबलमध्येच नाहीत. टीममधल्या एकाचं म्हणणं, सगळे उलटे फिरवा, धोका नको. दुसरी म्हणाली, थांबा, आधी बघू तर दे. बघितलं तर नोंदी लिहिणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली होती. व्यवहार सगळे ठीक होते. लोकांचे पगार जमा झाले होते, त्यातून कोणी घरभाडं भरलंही होतं. उलटे फिरवले असते तर आमच्या डिस्कची शिक्षा त्यांना झाली असती. तेव्हा मी 'उलटे फिरवा'वाल्यांत होतो, हेही सांगून टाकतो.

अर्थात ही तुलना पुरती लागू पडत नाही, हे मलाही कळतं. व्यवहाराच्या बाबतीत आम्ही बँकेला विचारू शकलो. मताच्या बाबतीत विचारायला कोणी नाही. कागद हाच एक साक्षीदार. तो हरवला तर ५९ लोक खरेच पात्र होते की नाही हे तुम्ही गृहीतच धरताय. तिघांच्या बाजूचा हा मुद्दा मला अजूनही टोचतो. आणि आव्हान देणाऱ्यानं 'तो पात्र नव्हता' हे सिद्ध करायचं म्हणजे जवळजवळ अशक्य काम. ज्या कागदावरून ते सिद्ध होणार, तोच कार्यालयानं हरवलेला!

तरीही माझं मत बदललं. आणि ते कुठल्या निकालपत्रानं नाही, आजीमुळं बदललं.

२० मे २०२४, लोकसभेचं मतदान. आमची आजी डोंबिवलीत असते. वय चौऱ्याऐंशी. कडक इस्त्रीचं नऊवारी, पर्समध्ये मतदार ओळखपत्र, सकाळी साडेसातला रांगेत. नंबर आल्यावर केंद्रावरच्या बाईंनी यादी वर-खाली केली आणि सांगितलं, आजी, तुमचं नाव नाही. ओळखपत्र आहे, पत्ता तोच, शेजारचे चार लोक ओळखतात, मागच्या निवडणुकीत याच शाळेत मत दिलेलं. पण नाव यादीत नाही म्हणजे नाही. आपल्याकडं त्या दिवशी त्यावर काहीही इलाज नाही. बाईंचा दोष नव्हता, त्या नियमाप्रमाणं वागल्या. नाव कोणी उडवलं, कसं उडालं, आजवर कळलं नाही. संध्याकाळी मी फोन केला तर आजी म्हणाली, "अरे, मी मेलेय असं वाटलं त्यांना बहुतेक." आणि हसली. मला नाही हसू आलं.

इटोबिकोमधलं ते हरवलेलं नोंदणीपत्र म्हणजे नेमका हाच इलाज होता! ज्यांची नावं यादीतून सुटली, जे नुकते घर बदलून आले, ज्यांच्याकडं पत्त्याचा पुरावा नाही, त्यांच्यासाठी ती सोय. ज्यांची नावं यादीत व्यवस्थित आहेत त्यांना ते पत्र लागतच नाही, त्यामुळं ते हरवायचा प्रश्न नाही. म्हणजे 'कागद नाही तर मत नाही' असा नियम लावला की तो सगळ्यांना सारखा लागत नाही. तो भाडेकरूंना लागतो, विद्यार्थ्यांना लागतो, आजीसारख्यांना लागतो. आजी कॅनडात असती (आणि नागरिक असती) तर तिनं त्या सकाळी पत्र भरून मत दिलं असतं. आणि मग संध्याकाळी दमलेल्या कोणा काकांनी ते पत्र चुकीच्या पाकिटात टाकलं, म्हणून वर्षभरानं कोर्टानं तिचं मत बाद करायचं? मला नाही पटत.

आणि असल्या चुका काही इटोबिकोपुरत्या नव्हत्या. या खटल्यानंतर इलेक्शन्स कॅनडानं हॅरी न्यूफेल्ड यांच्याकडून तपासणी करून घेतली. २०१३ च्या त्या अहवालात निघालं काय, तर मतदानाच्या दिवशी केलेल्या नोंदण्यांपैकी १२ टक्के आणि दुसऱ्यानं ओळख पटवलेल्या प्रकरणांपैकी ४२ टक्के प्रकरणांत गंभीर चुका! बेचाळीस टक्के, बघा. आमच्याकडं एखाद्या मॉड्यूलमध्ये ४२ टक्के चुका निघाल्या तर मॅनेजर विचारतो, फॉर्म कोणी डिझाइन केला? तिथल्या सरकारनं विचारलं, मतदार खोटे तर नाहीत ना? तेव्हाचे मंत्री पिएर पॉलिएव्ह यांनी या अहवालाचा दाखला देत ओळख पटवण्याची सोय काढायला निघालेलं विधेयक पुढं रेटलं. खुद्द न्यूफेल्ड सांगत राहिले की मी फसवणुकीबद्दल बोलत नाहीये, केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांच्या चुकांबद्दल बोलतोय. २०१४ मध्ये कायदा बदलला, २०१८ मध्ये पुढच्या सरकारनं ती सोय परत आणली. चार वर्षं घोळ. बग एका ठिकाणी, पॅच दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा. :)

आता काकांच्या रागाकडं परत येतो. त्यांचं म्हणणं, २०१२ मध्ये कोर्टानं निवडणूक वाचवली, २०२६ मध्ये पाडली, हा दुटप्पीपणा नाही का? ७९ मतांचा घोळ चालतो आणि एका पाकिटाचा चालत नाही?

मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. इटोबिकोत चूक कार्यालयाची होती आणि किंमत मोजणार होते ते मतदार, ज्यांची मतं पेटीत पडली होती. टेरबोनमध्येही चूक कार्यालयाची होती आणि किंमत मोजली ती मतदारानं, जिचं मत पेटीत पोहोचलंच नाही. एकीकडं निवडणूक रद्द न करता मतदाराच्या बाजूनं उभं राहता येत होतं, दुसरीकडं रद्द केल्याशिवाय येत नव्हतं. शिवाय फरक एकाचा होता. फरक दहाचा असता तर तेच पाकीट, तीच चूक, पण निकाल तसाच राहिला असता, आणि मला वाटतं ते योग्यही झालं असतं.

टेरबोनमध्ये मला खटकतं ते दुसरंच. त्या बाईंना 'मी अमक्याला मत दिलं' हे जगाला सांगावं लागलं, तेव्हा त्याची दखल घेतली गेली. उद्या एखाद्या काठावरच्या जागी कोणी उठून म्हणेल, माझंही पाकीट हरवलं, मी हरलेल्यालाच दिलं होतं. इथं निदान परत आलेलं पाकीट हातात होतं. प्रत्येक वेळी असेल असं नाही. खरं तर जादूच्या आकड्याचा हिशोब लावला तर कोणाला दिलं हे विचारायची गरजच नाही. एक मत चुकीनं बाहेर राहिलं, फरक एकाचा, संपलं.

काकांचा दुसरा उपाय असा की फरक अमुक एका आकड्याच्या आत असला की सरळ पुन्हा निवडणूक घ्यायची, कोर्टबाजी नकोच. ऐकायला झकास. मीही दोन दिवस त्यावर खूश होतो. पण समजा आकडा शंभर धरला. मग ९९ की १०१ यावरून कोर्टात जातील! कडा कुठंही नेली तरी ती कडाच. २०२५ मध्येच विंडसर-टेकमसे-लेकशोर ४ मतांनी, न्यूफाउंडलंडमधली टेरा नोव्हा १२ मतांनी आणि मिल्टन ईस्ट २१ मतांनी ठरली. त्या सगळ्या पुन्हा घ्यायच्या? तिथं तर कोणाचं पाकीट परत आलेलं नव्हतं.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. इटोबिकोचा निकाल लागायला मे २०११ ते ऑक्टोबर २०१२, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष लागलं. टेरबोनला साडेनऊ महिने. एवढा काळ जी व्यक्ती निवडून आली की नाही हेच नक्की नाही, ती संसदेत बसून मतदान करते. २०११ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाला स्पष्ट बहुमत होतं, एका जागेनं फरक पडत नव्हता. पण २०२५ च्या निवडणुकीत लिबरल १६९ वर थांबले होते, बहुमत १७२ ला. अशा सभागृहात प्रत्येक खुर्ची मोलाची. कायदा म्हणतो असे खटले विनाविलंब चालवा. 'विनाविलंब' म्हणजे किती, ते मात्र लिहीत नाही. आमच्या क्लायंटनं कराराऐवजी 'लवकरात लवकर' असं लिहून दिलं असतं तर आम्हीही खूश झालो असतो.

आपल्याकडं तर निदान आकडा लिहिलाय. लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात किती वेळा पाच वर्षं संपतात आणि याचिका चालूच असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २०२४ मध्ये मुंबई वायव्यला रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकरांवर ४८ मतांनी मात केली. ती याचिका उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात फेटाळली, म्हणजे वेळेत. पण ती सुरुवातीच्या टप्प्यावरच फेटाळली, साक्षीपुरावे झालेच नाहीत. तिथला एक वाद 'टेंडर' मतांचा होता. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला एक कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, आणि एरवी ती मोजतच नाहीत. मत दिल्याचं समाधान, बाकी काही नाही. इटोबिकोच्या त्या चार न्यायाधीशांना ही पद्धत दाखवून त्यांचं मत विचारायला मला आवडलं असतं.

(बाय द वे, व्झेस्नेव्स्कींचं काय झालं, तर २०१५ मध्ये त्यांनी त्याच जागी ओपिट्झना हरवलं. दीड वर्ष कोर्टात घालवून जे मिळालं नाही ते चार वर्षं थांबून मिळालं.)

आता माझ्या मताचं. मी इथं पर्मनंट रेसिडेंट आहे, नागरिक नाही, म्हणून कॅनडात मत नाही. भारतात आहे, पण परदेशात राहणाऱ्याला पोस्टानं किंवा ऑनलाइन देता येत नाही, स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. तिकिटाचा खर्च बघता माझं मत हे मुंबईतलं सर्वात महागडं मत होईल. म्हणून दोन्ही देशांच्या निवडणुकांबद्दल मी फक्त लेख लिहितो. काका नागरिक आहेत, ते म्हणतात, तू लिहित बस, मी टिक करतो.

आजीचं मात्र मार्गी लागलं. जून २०२४ मध्ये धाकट्या मामानं सहा नंबरचा फॉर्म भरला, दोन खेपा घातल्या आणि नाव परत आलं. नाव आलं, पण वय चुकलं. यादीत आजी चौसष्ट वर्षांची आहे. ती म्हणते, असू दे, दुरुस्त करायला जाऊ नका, परत उडेल. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी तिनं मत दिलं. शाईचं बोट दाखवायला व्हिडिओ कॉल केला. मी विचारलं, "आजी, कोणाला दिलंस गं?"

"तुला रे कशाला चौकशा?" म्हणाली, आणि फोन मामाकडं दिला.